रविवारी जवळ वाटणारा देव सोमवारी कुठे जातो?

सोलापूरच्या एका भगिनीने पाठवलेल्या पत्रातील मुख्य भाग असा आहे :

"बाई, सलाम. माझे वय 38 आहे. माहेर आणि सासर दोन्ही ख्रिस्ती. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी टॉवेलच्या कडा शिवते, मजुरी डझनावर मिळते. यजमान यंत्रमागावर पाळी करतात. दोन मुले शाळेत आहेत. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत आणि त्यांचे सगळे मलाच करावे लागते. त्या तेलुगू बोलतात, प्रार्थनाही तेलुगूतच करतात. पाणी येते त्या दिवशी पहाटे साडेतीनलाच उठावे लागते. रविवारी उपासनेत गाणी म्हणताना डोळे भरून येतात, देव अगदी जवळ वाटतो. सोमवारपासून तो कुठे जातो हे कळत नाही. रात्री अकराला पवित्र शास्त्र उघडले की चार ओळींतच डुलकी लागते. प्रार्थनेत तेच तेच शब्द येतात. महिला मंडळात बहिणी साक्ष देतात की देव त्यांच्याशी बोलला. मला आजवर काही ऐकू आलेले नाही. माझ्याच विश्वासात खोट असेल का? देवाच्या जवळ जायचे तर मी नेमके काय करावे? बाकी घरी सर्व ठीक आहे. थोरल्या जाऊबाईंशी मात्र घराच्या वाटणीवरून दोन वर्षे बोलणे बंद आहे."

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की त्यात कारखान्याबद्दल, सासूबाईंच्या दुखण्याबद्दल किंवा पहाटेच्या पाण्याबद्दल तक्रारीचा एक शब्दही नाही. सगळी तक्रार तुम्ही स्वतःविरुद्धच मांडली आहे. म्हणून आधी तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देते. ज्या बाईला रात्री अकरा वाजता, दिवसभर शिलाईच्या मशीनवर बसून, एका आजारी माणसाची अंघोळ-पांघरूण करून झाल्यावरही पवित्र शास्त्र उघडावेसे वाटते, तिच्या विश्वासात मला खोट दिसत नाही. थकवा दिसतो, आणि थकवा हे पाप नव्हे.

बायबलमधील 'पहिले राजे' या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय तुम्ही लहानपणी शब्बाथ शाळेत ऐकला असेल. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" असे म्हणतो आणि तिथेच झोपी जातो. आपल्याला त्या अध्यायातील डोंगरावरची देवाची मंद वाणी आठवते, पण त्या वाणीच्या आधी काय घडले ते आपण घाईने वाचून पुढे जातो. देवदूत येऊन त्याला हलवून उठवतो, आणि समोर निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचा चंबू असतो. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो, कारण पुढची वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. त्या थकलेल्या माणसाला देवाने ना उपदेश केला, ना त्याच्या विश्वासाची झडती घेतली. दोन वेळचे जेवण आणि दोन झोपा झाल्या, चाळीस दिवसांची वाट सरली आणि मगच त्या डोंगरावरची मंद वाणी आली. तेव्हा माझा पहिला सल्ला असा आहे की रात्री अकराचे वाचन तुम्ही आजपासून बंद करा. आडवे होताना "प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती" एवढे म्हणा आणि झोपा. डुलकीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. मात्र पुरेशी झोप मिळूनही मन सतत विझलेले राहिले, जेवणावरची वासना उडाली किंवा उगीच रडू कोसळू लागले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा. एलीयाला भाकर देणारा देव औषधही देतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. देवाच्या जवळ जाण्यासाठी कामापासून वेगळी, रिकामी, शांत वेळ लागते आणि ती आपल्याकडे नाही, असे तुम्ही मनाशी धरले आहे. ही समजूत आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, फार खोल रुजलेली आहे आणि तिने कष्टकरी बायकांचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रभू येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जात असे, हे मार्काने आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, पहिल्याच अध्यायात लिहिले आहे आणि त्या एकांताचे मोल मी कमी लेखत नाही. ज्याला तो मिळतो त्याने तो जरूर जपावा. पण "निरंतर प्रार्थना करा" ही आज्ञा ज्या पत्रात आहे, ते प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र एकदा सलग वाचून पाहा. ही आज्ञा पाचव्या अध्यायात येते. दुसऱ्या अध्यायात मात्र तोच पौल सांगतो की तुमच्यातील कोणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केले. करिंथात अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्याने तंबू करण्याचा धंदा केला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. म्हणजे ज्याने निरंतर प्रार्थना करायला सांगितले, तो हाताला घट्टे पडलेला कारागीर होता. रात्रंदिवस काम आणि निरंतर प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच पत्रात लिहिल्या, आणि त्याला त्यांत काही विसंगती वाटली नाही.

हे कसे जमते, हे मी माझ्या आजीकडे पाहून शिकले. माझे बालपण सोलापुरात मिलच्या भोंग्याच्या आवाजात गेले. आजी विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने, तंबाखू आणि दोऱ्याची रिळे. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे रोजच्या वाचनाचा प्रश्नच नव्हता. पण पाळी बदलण्याचा भोंगा झाला की तिचे हात थांबत. अर्धी वळलेली विडी बोटांत तशीच धरून ती डोळे मिटे आणि म्हणे, "प्रभू, लेकरं आत चालली आहेत, त्यांना धड बाहेर आण." सुटीचा भोंगा झाला की "आणलंस रे बाबा" एवढेच. हात पुन्हा चालू लागत. शेजारी बसलेल्या बायकांना पुष्कळदा कळतही नसे की ही आत्ता देवाशी बोलली. तिला कधी कोणी प्रार्थनेची बाई म्हटले नाही, पण दिवसाचा असा एकही भोंगा नव्हता की जो तिने देवाला सांगितल्यावाचून जाऊ दिला.

आता तो भोंगा राहिला नाही, पण तुमच्या कामातही अशी थांबण्याची जागा आहे. तुमची मजुरी डझनावर आहे. बारावा टॉवेल शिवून झाला की तो आधीच्या अकरांवर ठेवून, कडा जुळवून, तुम्ही गठ्ठा बाजूला सरकवता. त्या क्षणी मशीन बंद असते आणि हात सुटे असतात. तेवढ्यात एक नाव घ्या. पहिल्या डझनाला थोरल्या मुलाचे, दुसऱ्याला धाकट्याचे, तिसऱ्याला यजमानांचे, मग सासूबाईंचे, मग शेजारच्या मशीनवरच्या बाईचे. लांब वाक्ये नकोत. "प्रभू, हिला आज बरे वाटू दे" इतके पुरे. नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला "तुझी मागणी काय?" असे विचारले तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या अवकाशात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली, असे त्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ती प्रार्थना एका श्वासापेक्षा मोठी असणे शक्यच नव्हते. सुई चालू असताना मात्र डोळे मिटू नका, हे मी मुद्दाम सांगते.

प्रार्थनेत तेच तेच शब्द येतात, असे तुम्ही लिहिले आहे. येऊ द्या. घरच्या माणसांशी आपण रोज नवे काय बोलतो? "जेवलास का", "उशीर का झाला", "चादर घे अंगावर" हेच शब्द वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांतूनच माया पोहोचते. पण तेच शब्द जर तुम्हाला खरे वाटेनासे झाले असतील, तर जे खरे आहे ते बोला. तेराव्या स्तोत्रात दावीद देवालाच विचारतो की तू मला किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार. स्तोत्रसंहितेत अशा तक्रारीची स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि मंडळीने ती काढून टाकली नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या गायली. "प्रभू, मला आज तू जवळ वाटत नाहीस" ही पूर्ण प्रार्थना आहे. ती ऐकणारा आहे असे मानल्यावाचून ती करताच येत नाही.

पहाटेच्या पाण्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली, पण मला ती फार महत्त्वाची वाटली. आपल्या शहराला पाणी काही दिवसांआड येते आणि त्या दिवशी घरातली बाई नळापाशी बसून राहते. नळाची तोटी उघडी, खाली रिकामी बादली, पाइपातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग तांबूस धार आणि मग पाणी. तोवर अर्धा-पाऊण तास जातो. गल्लीत सामसूम असते, मुले झोपलेली असतात. तुम्ही ज्या एकांताला मुकलात असे मानता, तो एकांत हाच आहे! एकशे तिसाव्या स्तोत्रात भक्त म्हणतो की पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक आतुरतेने माझा जीव प्रभूची वाट पाहतो. या स्तोत्राला अवघी आठ वचने आहेत, ती सहज पाठ होतील. पाणी येणार हे ठाऊक असते, केव्हा येणार ते ठाऊक नसते, आणि तरी आपण बादली लावून बसतो. देवाची वाट पाहणेही असेच असते. योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी बाईसुद्धा विहिरीवर प्रार्थनेला आली नव्हती, भर दुपारी घागर घेऊन पाण्याला आली होती. प्रभूने तिला मंदिरात बोलावले नाही. तो तिच्याच विहिरीवर येऊन बसला आणि आधी त्यानेच तिच्याकडे पाणी मागितले.

वाचन सोडू नका, फक्त त्याची वेळ आणि रीत बदला. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे, 16 अध्यायांचे. रोज दहा-बारा वचने वाचली तर साधारण दोन महिन्यांत पूर्ण होईल. आणि हे वाचन एकटीने मनात करण्याऐवजी सासूबाईंना भरवताना किंवा त्यांची वेणी घालून झाल्यावर मोठ्याने करा. मराठी त्यांना सगळी कळते की नाही याची फार चिंता करू नका. इतकी वर्षे सोलापुरात काढलेल्या तेलुगू भाषिक माणसाच्या कानावर मराठी भरपूर पडलेली असते. वाचून झाले की त्यांना त्यांच्या भाषेत प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगा आणि तुम्ही सोबत मराठीत म्हणा. दोघींचे शब्द मागेपुढे होतील, पण "आमेन"ला एकत्र याल. दीड वर्ष अंथरुणावर पडलेल्या माणसाला आपला आता कोणाला काही उपयोग नाही हे सर्वांत जास्त बोचते. तुम्ही त्यांच्याकडे प्रार्थना मागितलीत तर त्यांना पुन्हा घरात जागा मिळेल. तुम्ही कामावर असताना दिवसभर त्या तुमच्यासाठी प्रार्थना करू शकतात, त्यांना तसे सांगून ठेवा.

रविवारी जी गाणी म्हणताना डोळे भरून येतात, ती आठवड्यातही बरोबर ठेवा. मराठी ख्रिस्ती माणसाला हे धन रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिले. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपली भक्ती अभंगांत आणि भजनांत मांडली. ओवी मुळात कामाबरोबर चालणारी आहे, आणि ही भजनेही तशी म्हणता येतात. भाकरी थापताना, धुणे पिळताना ती गुणगुणण्यात उपासनेचा काही अवमान होत नाही.

आता महिला मंडळातील साक्षींविषयी. त्या बहिणी खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. परंतु साक्ष ही नेहमी गोष्टीचा शेवट कळल्यावर दिली जाते. मधले कित्येक महिने काहीच ऐकू आले नाही, हे उभे राहून सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आणि म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकीला वाटते की गप्प देव फक्त माझ्याच वाट्याला आला. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कोलकात्याच्या रस्त्यांवर सेवा करताना कित्येक दशके त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या पहाटे उठत राहिल्या आणि प्रार्थनेला बसत राहिल्या. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारे ब्रदर लॉरेन्स देवाच्या सान्निध्यात कसे राहावे यासाठी आजही ओळखले जातात, पण पहिली दहा वर्षे आपल्याला फार जड गेली, असे त्यांनीच सांगितले आहे. भावना येते आणि जाते. रविवारी ती येते तेव्हा तिच्याबद्दल उपकार माना, सोमवारी ती नसली म्हणून देव गेला असा अर्थ काढू नका. शिवाय देव बोलतो तो बहुधा कानांत नाही. वाचता वाचता एखादे वचन मनात रुतून बसते, किंवा एखादी गोष्ट आपण चालता चालता टाळू पाहतो आणि ती पुन्हा पुन्हा समोर येते, तेव्हाही तोच बोलत असतो.

अशीच एक गोष्ट तुमच्या पत्राच्या शेवटी आली आहे, आणि तीही "बाकी घरी सर्व ठीक आहे" या वाक्याच्या मागे. ती तुम्ही लिहिली नसती तर मला कळलीही नसती. म्हणजे तुमच्या मनाला ती सांगायची होती. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग येऊन अर्पण कर. चूक कोणाची आहे, हे तो विचारत नाही. तुम्ही देवाकडे जाण्याची वाट विचारली आहे आणि प्रभूने सांगितलेली ती वाट थोरल्या जाऊबाईंच्या दारावरून जाते. मला हे लिहिताना जड वाटते, कारण वाटणीच्या भांडणात किती अपमान गिळावे लागतात हे मी जवळून पाहिले आहे. तरीही हे न लिहिता बाकी सगळे लिहिले असते तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहिले नसते.

इथे एक गल्लत होऊ देऊ नका. समेट म्हणजे हक्क सोडणे नव्हे. घराच्या वाटणीचा प्रश्न कागदपत्रांचा आहे, तो यजमान आणि दीर यांनी जाणकार वकिलासमोर बसून सोडवावा, त्यासाठी कोणी घाई करू नये आणि कोणी दबावाखाली सही करू नये. पण बोलणे बंद असणे हा वेगळा विषय आहे, आणि तो तुमच्या हातात आहे, निदान अर्धा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल म्हणतो की शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा. "तुमच्याकडून होईल तितके" या शब्दांत त्याने समोरच्याचा वाटा समोरच्यावर सोडला आहे.

सुरुवात डझनांपासूनच करा. रोजचा शेवटचा डझन जाऊबाईंच्या नावाचा ठेवा. पहिले काही दिवस त्यांचे नाव घेताना घसा आवळेल, तरी घ्या, आणि त्यांच्यासाठी तेच मागा जे स्वतःसाठी मागता, म्हणजे झोप, मुलांचे भले आणि अंगाला आराम. दोन-तीन आठवडे असे गेले की एखाद्या संध्याकाळी त्यांना फोन करा किंवा मुलाच्या हाती निरोप पाठवा. घराचा विषय काढू नका, जुना हिशेब काढू नका. "सासूबाई तुमची आठवण काढतात, रविवारी उपासनेनंतर येऊन जा, मी चहा ठेवते" एवढेच सांगा. सासूबाई दोघींच्या आहेत, हे त्या आमंत्रणात आपोआप येईल. त्या येतील किंवा येणार नाहीत. आल्या तर सासूबाईंच्या खोलीत त्यांना बसवा आणि तुम्ही चहाच्या निमित्ताने थोडा वेळ बाहेर थांबा, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही. नाही आल्या, तर महिनाभराने पुन्हा तोच निरोप पाठवा. तुम्हाला पाळकसाहेबांवर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंवर, विश्वास असेल तर त्यांना आधी एकांतात सांगून ठेवायला हरकत नाही. महिला मंडळात मात्र हा विषय प्रार्थनेची विनंती म्हणूनही मांडू नका, कारण अशा गोष्टी गल्लीत लवकर पोहोचतात आणि मग दोघींनाही मागे फिरणे कठीण होते.

येत्या पाण्याच्या पहाटे नळापाशी बसाल तेव्हा एकशे तिसावे स्तोत्र एकदा हळू आवाजात म्हणून पाहा. मार्काचे सोळा अध्याय संपले की मला पुन्हा लिहा, जाऊबाई आल्या की नाही तेही लिहा. सासूबाईंना माझा सलाम सांगा आणि त्यांना म्हणावे, तुमच्या तेलुगू प्रार्थनेत या बाईचेही नाव घ्या.